काचेतून दिसणारं शहर

आमच्या शेजारच्या कंडक्टरबाईंना राग पटकन येतो आणि सावकाश जातो. नोकरीत असताना सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारा भलाभला प्रवासी त्यांनी गार केला होता. पण त्या दिवशी भिंतीपलीकडून आलेला आवाज वेगळा होता. पाठोपाठ त्यांचा मुलगा माझ्या दारात आला. "सर, जरा चला. तुमचं ऐकेल ती."

बाईंची गाडी वर्षानुवर्षं त्या जुन्या राजधानीच्या शहराला जायची. स्थानक तटबंदीच्या बाहेर. तिथे उतरायचं, हिशेब द्यायचा, चहा घशाखाली ढकलायचा, की परतीची रांग तयार. तटावरून एका घुमटाचं टोक दिसायचं, तेवढंच. प्रवासी विचारायचे, "राजवाडा कुठे हो?" बाई ठणकावून सांगायच्या, "वेशीतून आत, कारंज्यापाशी डावीकडे." दुसऱ्यांकडून ऐकलेलं होतं सगळं. स्वतः वेस कधी ओलांडली नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात एकच गोष्ट मागितली होती: दोन दिवस त्या शहरात पायी हिंडायचं.

मुलाने प्रेमाने बेत आखला. आणि काय आखला, तर गार हवेची दर्शन-बस! सगळं शहर एका दिवसात, जागेवरून न उठता.

"बघा सर," बाई मला म्हणाल्या, "जन्म बसमध्ये गेला माझा. आता हौसेलाही बसच?"

"आई, पाय पसरायला ऐसपैस जागा आहे त्यात."

"मला पाय पसरायचे नाहीत रे, चालायचंय! त्या वेशीतून आत जायचंय. भिंतींना हात लावायचाय. काचेतून बघायचं तर घरात टीव्ही काय वाईट?"

"तुझ्याच तब्येतीसाठी केलं ना!"

"काय झालंय माझ्या तब्येतीला? कालच तुझं सिलिंडर जिन्यावरून वर आणलं कोणी?"

सून स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली, "मी यांना म्हटलं होतं, आधी आईंना विचारा."

"तू गप्प बस," मुलगा म्हणाला.

"तिला कशाला गप्प करतोस? या घरात तिला एकटीलाच विचारायचं सुचलं!"

मी काहीतरी मध्यममार्ग काढणार होतो. दोन तास बस, मग थोडं चालणं, असलं काहीतरी. पण बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बिनतिकीट मीच सापडलोय.

कोपऱ्यात त्यांचे यजमान बसले होते. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माणूस मवाळ, बोलणं जेमतेम. इतका वेळ ते चष्माच पुसत होते.

"त्याला नको बोलूस," ते म्हणाले. "बस मी सांगितली. माझे गुडघे साथ देत नाहीत गं आता."

मला वाटलं, आता बाई निवळतील. कुठलं काय!

"मग हे तोंडाने सांगायला काय झालं होतं? गुडघे तुमचे, आणि आजारी मी? लोकांसमोर, सरांसमोर मला म्हातारी केलीत!"

"तू रागावशील म्हणून..."

"आता काय आरती ओवाळतेय?"

मुलाला हसू आलं. आईकडे बघताच ते विरलं.

बाईंनी पदर खोचला. "यांचं तिकीट राहू दे. माझं रद्द कर. आत्ता, माझ्यासमोर."

"एकटी फिरणार तू? अनोळखी शहरात?"

"अनोळखी? अर्ध्या जगाला रस्ता सांगितलाय मी तिथला."

मुलाने निमूटपणे मोबाइल काढला. तिकीट रद्द झालं, तरी त्यांनी स्वतः पडदा बघून खात्री केली. मग टेबलावर शहराचा नकाशा उघडला, सुनेला जवळ बोलावलं आणि पुटपुटल्या, "कारंज्यापासून राजवाडा डावीकडे नाहीच की! किती लोकांना चुकवलं देव जाणे." राग अजून कपाळावर होता, पण बोट वेशीतून आत सरकत होतं.

यजमानांनी भीतभीत विचारलं, "संध्याकाळी मला सांगशील ना, काय काय पाहिलंस ते?"

"आधी बघू तर द्या मला," असं म्हणून बाईंनी खुर्ची फिरवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसल्या.