आईचा सावळा रंग

आई गेल्यावर आठ महिन्यांनी तिचे शेवटचे फोटो मी कॉम्प्युटरवर उघडले. ती गच्चीत पापड वाळत घालत असताना मी काढलेले, रॉ फाइलमधले. अशा फाइलमध्ये कॅमेरा नुसता उजेड टिपून ठेवतो. रंग नंतर आपण ठरवायचे. आई सावळी होती. स्टुडिओवाल्यांनी तिला दर वेळी गोरं करून दिलं, आणि माझ्याकडचे तयार प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर फोटोला लागणारे ठरावीक रंग, तेही तेच करत होते. म्हणून तिच्यासाठी मी वेगळा प्रीसेट बनवायला बसले.

बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले.

"अजून सावळी होती," ते म्हणाले. मी गडद केलं. "नाही, आता राखाडी दिसतेय. तिच्या रंगात ऊब होती गं."

मी लाल किंचित वाढवला, सावल्या जरा उजळल्या. बाबा एकदम पुढे वाकले.

"थांब. हीच."

गेलेल्या माणसाचा आवाज आठवतो, चालणं आठवतं. रंग मात्र नकळत फिका होत जातो, हे मला तेव्हा कळलं.

"लग्नात तिला पावडर थापून बसवलं होतं," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन आली, मान खाली घालून उभी राहिली. मला इतकी आवडली होती! पण ते सांगायचं राहूनच गेलं."

"प्रिंट काढू का?" मी विचारलं.

"इतक्यात नको. उद्या परत लाव. मी येऊन बसतो."