हाताला सुट्टी

समोर कुणीही येऊन बसलं तरी ती आधी त्याचे हात बघायची. तोंड नंतर. आणि बोलता बोलता आपल्याच उजव्या मुठीच्या गाठी डाव्या अंगठ्यानं एकेक दाबून बघायची, बाजारात बाया आंबा दाबून बघतात तशी. दुखलं की एक डोळा बारीक व्हायचा. तेवढंच. मग म्हणायची, "आधी बांधायचं, मंग मारायचं." हे तिचं ठरलेलं वाक्य होतं.

तिचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि तिची सासू अजून माझ्या दारासमोरच राहते. तुम्ही कधी शनिवारी पवना धरणावर तंबूत राहायला आला असाल तर तिच्या हातची भाकरी खाल्लीही असेल. "चुलीवरची गरम भाकरी" असा फलक तिच्या नवऱ्याच्या कॅम्पवर होता. अजून आहे. माझं शिक्षण चौथी, जन्म गेला गवंडीकामात. तेव्हा लिहिणं खडबडीतच असणार.

माझी बायको दोन वर्षं अंथरुणाला होती. तेव्हा घर मला खोड्यासारखं वाटायचं, पाय अडकलेला. ती गेली. तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, मुलगा चिंचवडला परत गेला. आता मी कुठंही जायला मोकळा होतो आणि उंबऱ्याबाहेर पाऊल निघत नव्हतं. एका दुपारी गोठ्यात गेलो. बैल केव्हाच विकलेले. रिकामी दावण बघितली आणि भिंतीवर मूठ मारली. परत मारली. भिंत मीच बांधलेली, त्यामुळे तिला काही झालं नाही.

"आबा, अंगठा आत घेतलाय तुमी. मोडंल."

दारात समोरची सून उभी. तेराव्याला नेलेलं पातेलं परत द्यायला आली होती.

मी म्हणालो, "मोडू दे. तुझं काय जातंय?"

"माझं काय न्हाई जात. पन मारायचंच हाय तर नीट मारा."

पातेलं खाली ठेवून तिनं माझी मूठ उलगडली, अंगठा बाहेर काढून परत मिटली, मनगट सरळ केलं. "ह्या पहिल्या दोन गाठी. ह्यांच्यावरच बसला पायजे. करंगळीकडं गेला की हात गेला. आन उघड्या हातानं भिंतीला कुनी मारतं का? आधी बांधायचं, मंग मारायचं."

पंधरवडाभर लोक येऊन "सावरा, सावरा" म्हणत होते. नीट मारा म्हणणारी ही पहिलीच.

ती तळेगावच्या बाजूची. शाळेत असल्यापासून बॉक्सिंग खेळायची, जिल्ह्यापर्यंत गेली होती. लग्न ठरलं ते खेळ बंद या बोलीवर. तरी ग्लोव्ज घेऊन आली, ट्रंकेत साड्यांच्या खाली. सासूनं ट्रंक उघडली आणि म्हणाली, "बरं झालं, चुलीवरचं भांडं उतरवायला आणलंय." आणि एकदा खरंच उतरवलं. उजव्या ग्लोव्हावर जळाल्याचा काळा डाग होता. तो दाखवून ही पोट धरून हसायची. मला काही हसू यायचं नाही.

तिनं माझ्याकडं गोठा मागितला. दुपारी सासू आडवी झाली आणि नवरा धरणावर गेला की तेवढा वेळ. कारणही सांगितलं. साताऱ्याच्या बाजूला मुलींच्या एका वसतिगृहाच्या शाळेत बॉक्सिंग शिकवायला बाई हवी होती. राहायला खोली मिळणार होती. पण आधी पुण्यात त्यांच्यासमोर खेळून दाखवायचं होतं, दिवाळीनंतर. हात धड राहिला तर निवड. नाहीतर भाकरी.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलं. हसलं."

"मारतो का?"

"न्हाई हो आबा. मारलं असतं तर बरं झालं असतं. मंग काय करायचं ते मला येतंय."

पोतं मी भरलं. आमच्या मावळात भात, गिरणीवर तुसाला तोटा नाही. खताच्या पोत्यात तूस कोंबलं, हलकं वाटलं म्हणून वरून चार पाट्या वाळू ओतली. गवंड्याचं डोकं, वजन म्हटलं की वाळू. तुळईला टांगलं. आठवडाभरात वाळू झिरपून बुडाला बसली, तुसानं हवेतला ओलावा धरला आणि खालचं अंग दगड झालं. तिनं खाली एक ठोसा दिला आणि हात काखेत धरून मटकन बसली.

"आबा, पोतं भरलंय का घराचा पाया?"

मुठीच्या गाठी लिंबाएवढ्या सुजल्या. वर तिचे ग्लोव्ज जुने, आतला फोम बसलेला. पट्टी म्हणून ओढणी गुंडाळलेली, ती सारखी सुटायची. असं चाललं असतं तर दिवाळीपर्यंत हातच राहिला नसता.

आमच्या माळ्यावर एक गाठोडं होतं. बायकोनं जुनी लुगडी, चिंध्या साठवलेल्या. सवड मिळाली की गोधडी शिवणार होती. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. ते खाली काढलं आणि पोत्यातलं तूस उकिरड्यावर ओतलं.

ती गाठोड्याकडं बघत राहिली. "मावशींच्या का ह्या?"

"व्हय."

"मंग नको आबा."

"तुला मऊ पायजे का न्हाई? मंग गप भर."

सगळ्यात धड लुगडं होतं त्याच्या लांबच लांब पट्ट्या फाडल्या, तीन बोटं रुंद. तिनं पट्टी बांधायला घेतली तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. अंगठ्यात अडकवायची, मनगटाला वेढे, मग गाठींवर तीनचार घड्या, मग एकेका बोटाच्या मधून फिरवून परत मनगटाला. बांधून झाल्यावर मूठ मिटायची, उघडायची. फार घट्ट झालं तर बोटं निळी पडतात, सैल झालं तर बांधून उपयोग नाही. आमची ही पदर खोचताना अशीच दोनदा ओढून बघायची.

पोतं हलू नये म्हणून मी मागून धरायचो. म्हणजे बायकोच्या लुगड्यांना मिठी मारून उभा. पलीकडून ठोसा बसला की छातीत यायचा. तेराव्याला सगळं गाव जमलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते तिथं आलं. तिनं बघितलं. थांबली नाही.

"घट्ट धरा आबा, डावा येतोय."

समोरून सासू एकदा ओरडली, "भाऊ, रोज दुपारचं काय धपधप चालतंय?" मी म्हणालो, "गोधड्या झोडपतोय वयनी." तसं ते खोटंही नव्हतं.

ग्लोव्ज आणायला लोणावळ्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का?"

"माझ्यासाठी."

"आबा, या वयात कुणाला मारायचंय?"

"अजून ठरलं न्हाई. जाड दे."

तर पट्टी झाली, ग्लोव्ज झाले, पोतं मऊ झालं. सुरुवातीला हळू मारायची, अंग गरम झाल्यावर जोरात. आणि तरीही गाठी दुखायच्या. सोमवारी सगळ्यात जास्त. मला कळेना. एका शनिवारी कॅम्पवर नळाचं बांधकाम बघायला गेलो तेव्हा कळलं. ती चुलीशी बसलेली, समोर परातीत तांदळाच्या पिठाची उकड. वाफ निघतेय आणि ही मुठी रोवून, सगळा भार गाठींवर टाकून ती मळतेय. एक परात संपली की दुसरी. पलीकडं पोरंपोरी गाणी लावून नाचतायत, आणि नवरा येऊन सांगतोय, "अजून वीस टाक, तिकडच्या तंबूला कमी पडल्या."

मी जवळ बसलो. ती हळूच म्हणाली, "हाताला सुट्टीच न्हाई आबा. सोमवार ते शुक्रवार माझा, शनिवार-रविवार ह्यांचा. बरा कवा व्हायचा?"

पाहुण्यांच्या थंड बाटल्यांसाठी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ असायचा. त्यातले दोन खडे ती पदरात घेऊन यायची आणि मूठ झाकून बसायची. सासूच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "भाकरी कडंनं जाड व्हाया लागली. ध्यान कुटं असतं बयेचं?" ही मान खाली घालून थापत राहायची. अडवायला तिच्या पायात बेडी नव्हती. दाराला कुलूप नव्हतं. नुसतं पीठ होतं.

पुण्याला बोलावणं आलं ते सोमवारचं. माहेरी जाते म्हणून तिनं एक दिवस मागून घेतला. आणि नेमका त्याच्या आधीच्या शनिवारी एका कंपनीचा मोठा गट आला, दोन बसगाड्या भरून. शुक्रवारी ती गोठ्यात आली, पण पट्टी बांधली नाही. दावणीवर बसून हाताकडं बघत राहिली.

"एवढ्या भाकऱ्या केल्या तर सोमवारी मूठ मिटनार न्हाई आबा."

"मी करतो."

"काय?"

"भाकऱ्या. दोन वर्षं केल्या. आमची ही अंथरुणातनं सांगायची, मी थापायचो."

शनिवारी कॅम्पवर तिचा नवरा म्हणाला, "आबा, डोकं ठिकाणावर हाय का? पाव्हणं काय म्हनतील?" मी म्हणालो, "तुझ्या बायकोचा हात भाजलाय. माझ्या खाल्ल्या न्हाईत तर पैसे देऊ नको." सासूनं सुनेच्या हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि का कोण जाणे, परात माझ्याकडं सरकवली.

धोतर सावरून चुलीशी बसलो. माझ्या भाकऱ्या कधी गोल होत नाहीत. पण पाहुण्यांनी गर्दी केली. मोबाइल काढले. "आजोबा, इकडं बघा! आजोबा, परत एकदा फुगवा ना!" एक मुलगी म्हणाली, "किती ऑथेंटिक!" मी म्हणालो, "बाजूला हो, पदर पेटंल." तिनं तर पँट घातली होती. नवरा खूश. रात्रीच्या जेवणाला त्यानं मला परत बसवलं, रविवारीही बसवलं. सोमवारी माझेच हात वर होत नव्हते.

ती संध्याकाळी कामशेतच्या जीपनं परत आली. सरळ गोठ्यात आली.

"अगं काय झालं?"

"निवडलं."

घरात तिनं सांगितलं. कुणी भांडलं नाही. नवरा म्हणाला, "चांगलं हाय की. सीझन संपू दे, मंग बघू." सासू म्हणाली, "व्हय, एवढा सीझन जाऊ दे." आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? ठोसा आला तर मान चुकवता येते. थंडी संपली की उन्हाळ्याची सुट्टी, मग पावसाळ्यातले धबधबेवाले, मग परत थंडी. शाळेवाले तोवर थांबणार होते थोडेच. त्यांनी पुढच्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंतच सांगितलं होतं.

त्या दिवसांत ती गोठ्यात यायची, पट्टी बांधायची आणि मारायची नाही. बांधलेले हात मांडीवर ठेवून बसायची. मी म्हणालो, "सीझन संपत नसतो पोरी."

"मला म्हाईत हाय आबा."

"मंग?"

"ते वाईट न्हाईत ओ. तेच तर."

महिन्याचा शेवटचा शनिवार. दुपारी समोरची सासू माझ्या दारात आली. हाताला पीठ नव्हतं.

"भाऊ, ती कुटंय? आधण उकळून आटत आलं. पीठ चाळून ठेवलंय, परात मांडून ठेवलीय, आन ही न्हाई."

मला सगळं ठाऊक होतं. सकाळी पवनानगरच्या थांब्यापर्यंत पिशवी मीच नेली होती. जीपमध्ये तिला मागच्या कोपऱ्यात दाटीनं बसवलं आणि दार लागलं.

मी म्हणालो, "गेली."

"कुटं?"

"नोकरीला."

आता ही ओरडणार, गाव गोळा करणार, मला शिव्या घालणार, म्हणून मी तयारीत उभा राहिलो. पण ती रस्त्याकडं बघत राहिली. दाराची चौकट धरून उभी होती. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं,

"जेवून गेली का ओ भाऊ?"

ते मी तिला विचारलंच नव्हतं.