कप्तानाची दाढी

एनिडनं तव्यात बेकन टाकलं आणि ते कसं परतावं हे ॲम्ब्रोज खुर्चीत बसून सांगू लागला. काम सोडल्यापासून नवऱ्याला घरातलं सगळंच कळू लागलं होतं. तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली.

दारात शेजारची ऑलिव्ह. हातात फडक्यात गुंडाळलेला नवऱ्याचा जुना वस्तरा.

"क्लेमचा आहे. रविवारी आमची मुलगी येतेय कॅनडाहून, अकरा वर्षांनी. आणि हा पलंगावर अस्वल होऊन पडलाय. म्हणतो, दाढी करीन तर माझ्याच वस्तऱ्यानं."

ॲम्ब्रोजनं वस्तरा उघडला. पातं गंजलेलं, पण पोलाद शाबूत होतं. शिंगाची मूठ मात्र किड्यांनी पार कुरतडलेली.

"मी काम सोडलंय," तो म्हणाला. वस्तरा काही त्यानं खाली ठेवला नाही.

"दिसतंय," एनिड म्हणाली.

सुऱ्या-वस्तऱ्यांचं निम्मं शेफील्ड शहर यंत्रांवर गेलं, तरी ॲम्ब्रोज स्टॅनिफोर्थ चाळीस वर्षं अंगणातल्या खोपटात हातानंच वस्तऱ्यांच्या मुठी करत राहिला. शिंग उकळून मऊ करायचं, दाबून सपाट करायचं, मग कानशीनं घासत बसायचं. उकळायला अर्थातच एनिडचं जॅमचं पातेलं. एका वर्षी तिच्या स्ट्रॉबेरीच्या जॅमला गोठ्याचा वास आला; चर्चच्या जत्रेत तिनं त्या बाटल्यांवर स्वतःचं नाव काही घातलं नाही.

आणि त्याचा एक हट्ट. आपल्या हनुवटीवर फिरवून बघितल्याशिवाय एकही वस्तरा त्यानं घराबाहेर जाऊ दिला नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळत, आणि याच्या तोंडाला फेस!

दोन वर्षांपूर्वी मात्र त्यानं दाढीच वाढवली. "कप्तानासारखा दिसतो की नाही?" समुद्र त्यानं जन्मात दोनदा पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून. एनिड हसायची. बशीवर त्याचा कप खडखडतो हे तिनं ऐकलं होतं. ती कप अर्धाच भरू लागली.

ऑलिव्ह गेली आणि जॅमचं पातेलं फळीवरून नाहीसं झालं. एनिडनं ते शोधलं नाही.

शनिवारी सकाळी वस्तरा टेबलावर आला. काळ्याभोर शिंगात मधाच्या रंगाची एक रेघ, आणि मिटलं की पातं बरोबर मधोमध बसत होतं.

"झालं की! देऊन ये."

"बघायचाय अजून."

"ऑलिव्ह दोनदा डोकावून गेली. का कप्तानसाहेबांना दाढीचा मोह सुटेना?"

तो उठला. कात्रीनं वेडीवाकडी दाढी उतरवली, फेस लावला, आरशासमोर उभा राहिला. पातं गालाजवळ गेलं आणि थरथरलं. त्यानं हात खाली घेतला. पुन्हा वर नेला. पुन्हा खाली.

"आरसा नीट नाही हा," तो म्हणाला.

"जुनाच आहे," एनिड म्हणाली आणि चहाखालचा गॅस बंद केला.

"नुसतं चामड्याच्या पट्ट्यावर घासून देता येईल म्हणा. पण क्लेमच्या गळ्यावर फिरायचंय हे, एनिड. बघितल्याशिवाय नाही देणार मी."

"मग?"

तो खुर्चीत बसला, हनुवटी वर केली आणि मुठीची बाजू तिच्याकडे करून वस्तरा पुढे धरला.

"माझी दाढी तू कर."