किल्ली माझ्याकडंच हुती

यशवंता गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्याच खुर्चीत बसलो होतो. उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीच्या माडीवर, कॉम्प्युटरच्या थंड खोलीत. पलीकडं त्याचा मेहुणा होता. "दाजी गेले सकाळी," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. प्रिंटर करकरत कागद ओकत होता आणि तो थांबवायचंही मला सुचलं नाही. या गोष्टीला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, पेपरात त्याच्या चांगल्या आठवणी लिहा. चांगल्या आठवणी रग्गड आहेत हो... पण लिहायला बसलो की एकच पुढं येते आणि बाकीच्यांची वाट अडवून बसते.

मी टेंपरवारी कारकून म्हणून लागलो, तेव्हा यशवंता तिथला जुना माणूस. जवळच्या मच्छे गावाहून सायकलनं यायचा. दहा-बारा वर्षं त्यानं ओतकामाच्या साच्यांच्या वाळूत काढली होती. वाळू चाळायची, साचे फोडायचे, दिवसभर नाकातोंडात धूळ. खोकला जडला तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून स्पष्ट सांगितलं, "परत वाळूत गेलास तर माझ्याकडं औषध नाही." हे त्यानं मला दुपारी डबा खाताना सांगितलं, शेंगाची चटणी पुढं सरकवत, दुसऱ्याच कुणाचं दुखणं असल्यासारखं. रेडिओ दुरुस्तीचा त्याला नाद होता. मालकांनी कॉम्प्युटर आणला तेव्हा तो बसवायला बेंगळूरहून आलेल्या इंजिनियरच्या मागं हा चार दिवस सावलीसारखा उभा राहिला. इंजिनियर गेला आणि आठवड्यात मशीन अडलं. यशवंतानं मशीनचा डबा उघडला, आतली एक सर्किटची पाटी काढून पुसली, परत दाबून बसवली. मशीन चालू. मालकांनी त्याला त्याच दिवशी माडीवर घेतलं. त्या खोलीत धूळ नव्हती. चपला बाहेर, पाय पुसून आत, मशीनवर कापडी आच्छादन. वर्षभरात त्याचा खोकला निम्म्यावर आला. लोकांना वाटायचं, गडी मशीनला जपतोय. तो स्वतःचा जीव जपत होता, हे मला माहीत होतं. फक्त मला.

दसऱ्याला तो दरवर्षी नागपूरला जायचा, दीक्षाभूमीवर. रजेवर जाताना खोलीची किल्ली मालकांच्या केबिनमध्ये द्यायची असा नियम होता. त्या वर्षी त्यानं ती गुपचूप माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "रोज एकदा फडकं मार रं. धूळ बसाय नको." खंडेनवमीला खाली भट्टीपाशी मालकांच्या हातनं पूजा झाली. लेथला हार, ड्रिलला हार, हातोड्यालासुद्धा कुंकू. मला वाटलं, सगळ्यांची पूजा झाली आणि माझ्या दोस्ताचं मशीन तेवढं उपाशी? मी ताट घेऊन एकटाच माडीवर गेलो. आच्छादन काढलं, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नारळाचं पाणी फुलानं शिंपडलं. चांगलं तीनतीनदा शिंपडलं. लेथवर आम्ही तांब्याभर पाणी ओतायचो, लेथला कधी काही झालं नव्हतं. मग आच्छादन घातलं आणि पुण्य केल्याच्या ऐटीत खाली येऊन प्रसाद खाल्ला. अडाण्याचा गाडा म्हणतात तो हाच.

यशवंता परतला त्या सकाळी त्यानं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. तो घाबरला नाही. त्याची एक रीत होती, बाहेरून आत यायचं. आधी त्याच सॉकेटमध्ये टेबलफॅन लावून बघितला, फिरला. स्टॅबिलायझरचा काटा बघितला, ठीक. वायर बदलली, फ्यूज बदलला. मग एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवत मशीन उघडलं. "सुभ्या, बॅटरी जरा हिकडं धर." मी धरली. पाट्या एकेक काढून पुसल्या, बसवल्या. तरी मुकंच. शेवटी त्यानं मागचा, वीज घेणारा लोखंडी डबा खोलला. आत करपल्याचा वास होता, चिकट डाग होता आणि त्यात चारपाच तांदूळ रुतले होते. कुंकवाचे. उजेड माझ्याच हातात होता. मी तो हळूच बाजूला सरकवला... हो, सरकवला. त्यानं चिमट्यानं दाणे उचलले, रुमालात बांधले आणि रुमाल खिशात घातला. माझ्याकडं बघितलं नाही.

मालक वर आले, मागोमाग फोरमन. फोरमन म्हणाला, "पूजेला हजर ऱ्हायचं न्हाय म्हटल्यावर आणि काय व्हनार?" यशवंताच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसली. खिशात हात घालून रुमाल सोडला असता तर फोरमनचं तोंड जागच्या जागी बंद झालं असतं. मालकांनी विचारलं, "हा नसताना खोलीत कोण गेलतं? किल्ली कुणाकडं होती?" मी टेंपरवारी होतो. घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही कामाचं नाही. मी बॅटरी बंद-चालू करत राहिलो. यशवंता म्हणाला, "किल्ली माझ्याकडंच हुती, मालक. माझ्या हातनंच काय तरी ऱ्हायलं आसंल."

पंधरा दिवसांनी बेंगळूरहून नवा डबा आला, मशीन सुरू झालं. यशवंताला परत खाली वाळूवर पाठवलं आणि त्याच्या हाताखाली थोडंफार शिकलेला म्हणून माडीवर मला घेतलं. कायम केलं. जाताना तो मला म्हणाला, "पाय पुसून जात जा आत." मी त्याला थांबवायला हवं होतं, मालकांचे पाय धरायला हवे होते. उद्या सांगू, पगार झाल्यावर सांगू, धाकटीचं लग्न उरकल्यावर सांगू, असं करत तीन वर्षं गेली. खिडकीतून खाली वाळू चाळताना तो दिसायचा. शेवटी शेवटी चाळणी टेकवून उभा असायचा, दम येईपर्यंत. मी खिडकीला कागद लावला. कारण विचारल्यावर सांगितलं, स्क्रीनवर उजेड पडतो.

गेल्या रविवारी मच्छ्याला त्याच्या घरी गेलो होतो. वहिनींनी चहा केला. भिंतीवर त्याचा फोटो, खाली मेणबत्ती.  कप माझ्याकडं देत त्या म्हणाल्या, "तुम्हास्नी म्हणून सांगतो भावजी. त्या मशीनमदी पूजेचं तांदूळ गावलं हुतं. ह्यांनी मला दावलं. मी म्हटलं, सांगा की मालकास्नी. तर म्हनले, सुभ्यानं मायेनं केलंय, त्येला दिसलं बी न्हाय. कळलं तर जल्मभर जिवाला लावून घील. तू बी बोलू नगंस. आता ते न्हाईत म्हणून सांगितलं... तुम्हास्नी खरंच म्हाईत नव्हतं न्हवं?"

कप माझ्या हातात होता. मी म्हणालो, "न्हाय वहिनी." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग ह्यांचं खरं हुतं."

वहिनींना वाचता येत नाही. शेजारची कुणीतरी मुलगी त्यांना पेपरची ही पुरवणी वाचून दाखवेल, म्हणून लिहिलं. वहिनी, त्याचं खरं नव्हतं. मला दिसलं होतं.