लाल ठिपक्याचा पेनड्राइव्ह

"आधी तुमी काय केलं ते सांगा."

कॉम्प्युटर बिघडला म्हणून बोलावलं की ताई दारातच हे विचारायच्या. चप्पल काढण्याआधी, पाणी घेण्याआधी. समोरचा माणूस कोणीही असो, उत्तर एकच यायचं : काही नाही केलं. मग ताई खांद्यावरची बॅग खुर्चीवर ठेवून शांतपणे म्हणायच्या, "मंग मी काऊन आली? मशीन खोटं बोलत नाई भाऊ, माणूस बोलते."

तुम्हीही पाहिलं असेल, डॉक्टरपुढे आपण आदल्या दिवशी हादडलेल्या भज्यांचा हिशोब देतो, पण कॉम्प्युटरवाल्यापुढे सगळेच साळसूद होतो. मीही त्यातलाच. ताईंशी माझी सात-आठ वर्षांची ओळख, आणि त्यातला निम्मा वेळ मी काही न केलेला माणूस होतो.

वर्ध्यात माझा लग्नाचे व्हिडिओ काढून ते एडिट करायचा स्टुडिओ आहे. हे काम पुण्यात शिकलो ते अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरवर, आणि हाताला तीच सवय लागली. परत आलो तेव्हा खरा मॅक घेण्याची ऐपत नव्हती. नागपुरातून सुटे भाग आणून एक डेस्कटॉप बांधून घेतला आणि त्यावर मॅकची सिस्टीम, मॅकओएस, चढवली. असं मशीन मिरवायला छान असतं, सांभाळायला अवघड. सुरू होताना ते आधी एक छोटी फाइल वाचतं. तू मॅक आहेस, असं त्याला ती फाइल पटवून देते. त्या फाइलमधली एक ओळ चुकली की पडद्यावर लोगो येतो, खालची पांढरी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकते आणि तिथेच बसून राहते.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा गावातल्या तीन जणांना दाखवलं. तिघांनीही विंडोज टाकून देतो म्हणून सांगितलं. चौथ्याने मात्र सिंदी रेल्वे या गावच्या एका बाईंचा नंबर दिला.

ताई पॅसेंजरने आल्या. पंचेचाळिशीच्या, सुती साडी, चष्म्याला दोरी. मला वाटलं कोणाच्या तरी लग्नाची कॅसेट मागायला आल्यात. त्यांनी बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला, माझ्याच खुर्चीवर बसल्या आणि मला स्टूल दाखवलं. स्टुडिओ माझा असला तरी त्या दिवसापासून त्या असताना माझी जागा स्टुलावरच राहिली.

आधी त्या सिंदीत टायपिंगचे क्लास घ्यायच्या. ते बंद पडले तेव्हा कोणीतरी अडगळीत टाकलेला कॉम्प्युटर घरी आणला आणि मुलं शाळेत गेली की त्याच्याशी झगडत बसल्या. इंटरनेटवर जगभरचे लोक आपापल्या मशीनची रडगाणी लिहितात, ती सगळी त्यांनी डिक्शनरी घेऊन वाचून काढली. यजमान रेल्वेच्या सिग्नल खात्यात. काम करायची पद्धत ताईंनी त्यांच्याकडून उचलली होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मशीन पुन्हा सुरू करून पाहायचं, वहीत लिहायचं, मगच दुसरी. एकदा मी उतावीळपणे तीन सेटिंग एकदम बदलली, तर त्यांनी ती तिन्ही मागे न्यायला लावली.

"हे सिग्नल दुरुस्त करतेत नं, त्यायचं बी असंच," त्या म्हणाल्या. "दोन वायरी एकदम हलवल्या, त खराब कोणती होती ते कोणाले समजन?"

ती वही म्हणजे लांबलचक हिशोबाची वही, पण तिच्यात हिशोब नव्हता. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मशीनला चार-पाच पानं. त्यात स्वतःच्या चुकाही असायच्या. एकदा माझ्या मशीनचा आवाज गेला. सकाळपासून दुपार झाली, ताईंनी फाइलमधल्या ओळी एकेक करून तपासल्या. शेवटी कळलं की मागे हेडफोनची पिन तशीच खुपसलेली होती. मी हसू दाबत होतो. ताईंनी चष्मा पुसला आणि वहीत लिहिलं, "हेडफोन लागून होता. मी पाहिलं नाही." खाली तारीख टाकली आणि मगच हसल्या. चहाही तेव्हाच घेतला. मशीन उठल्याशिवाय त्या चहाला शिवत नसत, आणि माझ्या हातचा चहा किती वेळा निवला ते विचारू नका.

त्यांच्या तोंडून "बघू" किंवा "सांगता येत नाही" असं मी कधी ऐकलं नाही. "होते" म्हणायच्या, आणि व्हायचं.

आता त्या पेनड्राइव्हचं सांगतो.

मशीनला नवं ग्राफिक कार्ड बसवलं होतं. त्यासाठी ताईंनी ती सुरुवातीची फाइल नव्याने लिहिली, पण डिस्कवर न ठेवता एका पेनड्राइव्हवर ठेवली आणि तो मशीनच्या मागे लावून दिला. आठ-दहा दिवस नीट चाललं की मग आत टाकू, तोवर याला हात लावू नका, असं बजावलं. ओळखू यावा म्हणून त्याच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

त्याच आठवड्यात गिरडच्या एका कापड दुकानदाराकडच्या लग्नाचं शूटिंग केलं. चार दिवसांनी ते तीन मिनिटांची छोटी फिल्म न्यायला आले. माझ्याकडचे नवे पेनड्राइव्ह संपले होते. मी मशीनच्या मागे हात घातला, हाताला लागला तो काढला, पुढे लावून पाहिला, रिकामा दिसला. ती फाइल लपलेल्या भागात असते, म्हणून दिसली नाही. फिल्म त्याच्यावर टाकली आणि दिला. ठिपका मला दिसला नाही असं म्हणता येणार नाही. दिसला, पण मी घाईत होतो. मशीन तसंच चालू राहिलं, कारण सुरू झाल्यावर त्याला त्या फाइलची गरज उरत नाही, आणि माझं मशीन मी आठवडा आठवडा बंद करत नाही.

दोन दिवसांनी लाइट गेली. आली तेव्हा पट्टी अर्ध्यावर जाऊन बसली.

त्याच दिवशी गिरडहून फोन आला. दुकानदाराचे वडील गेले होते. लग्नात हळदीच्या दिवशी या म्हाताऱ्या माणसाने काठी बाजूला टाकून नातीसोबत नाच केला होता, तो सगळा नाच मी टिपला होता. छोट्या फिल्ममध्ये तो नव्हता. तेरवीला येणाऱ्या लोकांना तो दाखवायचा होता. ते चित्रण फक्त माझ्या मशीनमध्ये होतं, कॅमेऱ्याची कार्डं मी पुसून पुढच्या लग्नाला वापरली होती.

ताई आल्या तेव्हा दुकानदारही येऊन बसलेले होते, डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले, मांडीवर टोपी. त्यांच्या साळ्याचा हिंगणघाटला कोचिंग क्लास होता, वीस कॉम्प्युटरचा. त्याची देखभाल ताईंना द्यायचं जवळपास ठरलं होतं, मीच त्यांचं नाव सुचवलं होतं. म्हणजे त्या दिवशी ताईंची परीक्षाच होती.

"काय केलं?"

लाइट गेली, एवढंच झालं, मी म्हटलं.

ताई मशीनच्या मागे वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग तिथूनच विचारलं की लाल ठिपकेवाला कुठी आहे. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समोर दुकानदार बसलेले. मी म्हटलं, होता की तिथेच, काय माहीत. इतकं सरळ खोटं मी त्यांच्याशी आधी कधी बोललो नव्हतो.

ताईंनी वही उघडली, दुसरा पेनड्राइव्ह घेतला, स्वतःचा लॅपटॉप काढला आणि दुकानदारांना सांगितलं, "तीन घंटे लागतीन. पण होते. तुमचे बाबूजी आतच आहेत, कुठी गेले नाई."

फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला सुरुवात झाली. अर्धा-पाऊण तास गेला असेल. दुकानदारांना बसवेना. ते उठले, खिशात हात घातला आणि म्हणाले की मशीन चालू झालं की बाबूजींचा नाच याच्यातच टाकून द्या, घरच्या टीव्हीला हाच चालतो. त्यांच्या तळहातावर लाल ठिपका होता.

ताईंनी तो घेतला, उलटसुलट केला. माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी फरशीकडे पाहत होतो.

मग त्यांनी तो मशीनच्या मागे लावला. पट्टी अर्ध्यावर आली, थबकली आणि पुढे सरकली. दोन मिनिटांत पडद्यावर माझं रोजचं चित्र उभं राहिलं. मी हळदीची फाइल उघडली. म्हातारबुवा काठी टाकून, धोतराचा सोगा धरून नाचत होते, नात हसून हसून वाकली होती. दुकानदार टोपी डोळ्यांना लावून रडले.

सावरल्यावर त्यांनी विचारलं की हे झालं कशानं. प्रश्न माझ्याकडे पाहून विचारला होता.

ताई मधेच बोलल्या, "चूक माही आहे, भाऊ. हा पेनड्राइव्ह मशीनचा आहे, कोणाले देऊ नका, हे मी यायले सांगितलंच नाई."

बापाची शेवटची आठवण तुमच्या हातून जाणार होती, असं काहीतरी दुकानदार म्हणाले. आवाज चढवला नाही, पण बोलले ते लागण्यासारखं होतं. ताईंनी मान डोलावली आणि बॅग भरली. त्या दिवशी वहीत त्यांनी काही लिहिलं नाही, आणि चहाही तसाच राहिला.

मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. ताई, मी सांगायला पाहिजे होतं, असं प्लॅटफॉर्मवर कसंबसं म्हटलं.

"तुमचं दुकान रस्त्यावर आहे," त्या म्हणाल्या. "माही त बॅग आहे. बॅग उचलून निंगता येते. दुकान नाई उचलता येत."

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात हिंगणघाटचं काम दुसऱ्याला गेलं. मला ते कळलं, आणि तरीही मी गप्प बसलो. ताई आधीसारख्याच येत राहिल्या, ती फाइल डिस्कवर बसवून दिली, मला स्टुलावर बसवत राहिल्या. त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मला तेवढंच पुरत होतं.

गेल्या वर्षी त्यांच्या यजमानांची बदली मध्य प्रदेशात आमल्याला झाली. त्या क्वार्टर रिकामं करत होत्या तेव्हा मी सिंदीला गेलो, सामान चढवायला हातभार लावला, आणि तेव्हाही बोललो नाही.

मागच्या महिन्यात गिरडचे दुकानदार धाकट्या मुलीच्या लग्नाचं ठरवायला आले. तारीख, हळद, वरात सगळं बोलून झालं. निघताना म्हणाले की या वेळी फक्त त्या बाईला मशीनला हात लावू देऊ नका.

मी म्हटलं, "तो पेनड्राइव्ह तुमाले दिला ती चूक माही होती. त्यायची नाई. त्यायनं बजावून ठेवलं होतं, तरी मी दिला."

ते परत बसले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि हिंगणघाटच्या साळ्याला लावला. त्या कॉम्प्युटरवाल्या बाईचं मी चुकीचं सांगितलं होतं, म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला. माझ्या ऑर्डरचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घडलं ते मी सांगितलं, साळ्याने ऐकून घेतलं. क्लासचे कॉम्प्युटर आताच्या माणसाला जमत नाहीत, असंही बोलला. बाई कुठे असतात, विचारलं. आमल्याला, मी सांगितलं.

"येवढ्या दूर? मंग राहू द्या."

"राहू नाई द्यायचं," मी म्हटलं. "त्या तिथून बी फोनवर मशीन उठवतेत. माहं दोनदा उठवलं. पेन घ्या, नंबर लिवा."

त्याने लिहिला. मी त्याला एकेक आकडा परत म्हणून दाखवायला लावला, आणि शेवटचा बरोबर आल्यावरच फोन दुकानदारांकडे दिला.