शेवटचं अक्षर जाईपर्यंत

माझ्या नाकावर राग आणि पायाला भिंगरी, दोन्ही जन्मजात. आई म्हणायची, ही कार्टी बोलता बोलता दाराबाहेर असते, अर्धं वाक्य आपण रस्त्यावरून उचलून आणायचं. आम्ही हसायचो. बाबा हसायचे नाहीत, कारण त्यांना ते अर्धं वाक्य कधी मिळायचंच नाही.

बाबा मिलमध्ये लूमखात्यात होते. तीस वर्षांत साच्यांच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या, खडखडाटाने त्यांचे कान खाऊन टाकले. तिथे कोणी ओरडून बोलत नसे, ओठांवरून समजून घेत. घरीही ते आमच्या तोंडाकडे बघूनच ऐकायचे. आई सवयीने समोर उभी राहून बोलायची. मी चप्पल शोधत, वेणी घालत, पाठ करून बोलायचे. त्यांनी "काय गो?" विचारलं की म्हणायचे, "काही नाही!" आज हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. ज्याला ऐकू येत नाही त्याला 'काही नाही' म्हणण्याइतकं वाईट दुसरं काही नसतं.

संप होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मिलने बाबांना परत बोलावलं नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घाटकोपरलाच एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात लागले होते. सहा महिने तात्पुरती. घर त्याच पगारावर चाललेलं. भटवाडीतल्या आमच्या घरून दुपारी बाबा चालत माझा डबा घेऊन यायचे. घरी बसून त्यांचा जीव जायचा, तेवढंच एक काम त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं होतं.

गाळ्यात आम्ही भट्ट्यांचं तापमान सांभाळणारे कंट्रोलर बनवायचो. तेव्हा साहेबांनी नुकताच एक कॉम्प्युटर घेतला होता. हिरव्या अक्षरांचा, काचेच्या केबिनमध्ये एसीत ठेवलेला. आत जायचं तर चपला बाहेर, देवळासारखं. एका गिऱ्हाइकाला आठ भट्ट्यांचे आकडे एकाच स्क्रीनवर हवे होते. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "शनिवारी ते बघायला येणारेत. आकडे दिसले तर तू कायम. नाहीतर बघ बाई, मला दुसरा माणूस शोधावा लागेल."

काम ऐकायला सोपं. आठही कंट्रोलर एकाच तारांच्या जोडीवर. प्रत्येकाला नंबर. कॉम्प्युटरने विचारायचं, "तीन नंबर, किती?" आणि फक्त तीन नंबरने सांगायचं. जोडी एकच, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचं. कॉम्प्युटरचं बोलून झालं की त्याने लाईन सोडायची, म्हणजे उत्तर यायला वाट मोकळी. हे सगळं सांभाळणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. एकेक कंट्रोलर वेगळ्या केबलने सरळ जोडला तर पोपटासारखा बोलायचा. आठांना जोडीवर घातलं की आठही मुके.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मी सोल्डरिंग करणाऱ्या ताईंवर घसरले. ताई म्हणजे गाळ्यातली सगळ्यात जुनी बाई, गोराईहून यायच्या, आवाज खणखणीत. मी म्हटलं, "तुमचे जॉइंट कच्चे असणार, दुसरं काही नाही." त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "माझ्या हातचा जॉइंट अजून सुटला नाय पोरी. पण तुझं समाधान होऊ दे." आणि आठही प्लग परत केले. गुरुवारी संध्याकाळपर्यंत जोडले. आठही मुकेच. ताईंनी सोल्डरिंग गन जागेवर ठेवली आणि पर्स उचलून निघाल्या, ते जास्त लागलं.

शुक्रवारी दुपारी माझी पार वाट लागली होती. डोळे हिरव्या अक्षरांवर, डोकं गरम. काचेवर टकटक झाली. बाबा चपला काढून डबा घेऊन आत आले. मी एकदा वळून बघितलं, "बाबा, डबा तिथे..." म्हटलं आणि परत स्क्रीनकडे तोंड करून उरलेलं बोलले. दोन मिनिटांनी पाहिलं तर ते डबा हातात धरून तसेच उभे. मी फाटकन म्हटलं, "अहो, सांगितलं ना, स्टुलावर ठेवा म्हणून! उभे काय राहिलात?"

ताई दारातून बघत होत्या. साहेब टेबलावरून बघत होते. बाबांनी डबा स्टुलावर ठेवला. रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तू बोलतंस आणि तोंड फिरयतंस. शेवटचा माका गावणा नाय. मगे मी गप रवतंय."

"अंदाजाने समजायचं ना!"

"नाय. अर्ध्या बोलण्यार साचो चालू करूचो नसता. कोणाचा तरी बोट जाता."

मी पुढचं उलट उत्तर देणार, तेवढ्यात माझी नजर कंट्रोलरांच्या रांगेवर गेली. आठ कंट्रोलर गप होते. मी सोमवारपासून त्यांना बिघडलेले समजत होते. त्यांच्यापर्यंत माझं बोलणं अर्धंच पोचत असेल तर? प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'संपलं' सांगणारं एक अक्षर असतं. ते मिळाल्याशिवाय कंट्रोलर उत्तर देत नाही. तसंच तर बनवलं होतं आम्ही, भट्टी भलत्याच हुकमावर पेटू नये म्हणून!

मी कॉम्प्युटरचं पुस्तक ओढलं. कॉम्प्युटरच्या ज्या चिपमधून अक्षरं बाहेर जातात ती दोन खुणा दाखवते. पहिली सांगते, माझा उंबरठा रिकामा झाला, पुढचं अक्षर पाठव. दुसरी सांगते, माझं घरच रिकामं झालं, सगळं तारेवर गेलं. दोन्ही एकाखाली एक छापलेल्या. मी घाईत पहिलीच घेतली होती. उंबरठा रिकामा दिसला की माझा प्रोग्रॅम लाईन सोडून मोकळा. शेवटचं अक्षर अजून घरातच. वेगळ्या केबलवर लाईन सोडावीच लागत नाही, म्हणून तिथे ही चूक दिसली नव्हती. म्हणजे माझा प्रोग्रॅम अगदी माझ्यासारखा निघाला, बोलता बोलता तोंड फिरवणारा.

दुसरी खूण बघायला प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला. प्रोग्रॅम चालू केला. स्क्रीनवर ओळ उमटली, एकतीस अंश. मग दुसरी, तिसरी. आठही! ताईंनी तापलेली सोल्डरिंग गन चार नंबरच्या सेन्सरजवळ नेली. चौथा आकडा चढायला लागला तशा त्या टाळ्या पिटत म्हणाल्या, "बघ, जॉइंट माझे!" मी त्यांचे हात धरले. "ताई, चुकलं माझं." "मला बुधवारीच ठाऊक व्हतं. चहा सांग आता." बाबांना यातलं काही ऐकू आलं नाही. ते स्टुलावर बसून आमच्या तोंडांकडे बघत नुसते हसत होते.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. त्यांनी सहा नंबरचा सेन्सर मुठीत धरला, सहावा आकडा वर गेला, आणि त्यांनी मान डोलावली. साहेब म्हणाले, "सोमवारी पत्र घेऊन जा. कायम."

घरी पोचले तेव्हा बाबा ओट्यापाशी बसून लसूण सोलत होते. मी पिशवी ठेवली. त्यांच्या समोर जमिनीवर बसले, त्यांनी वर बघेपर्यंत थांबले. मग सावकाश म्हटलं, "बाबा, नोकरी कायम झाली. तुमच्यामुळे." आणि तोंड फिरवलं नाही. माझ्या वयाच्या बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नोकरी कळली. शेवटचा काय ता गावला नाय."

मी पुन्हा म्हटलं, "तुमच्यामुळे."

"नाय गावला."

माझा पारा चढायला लागला, इतक्यात मागून आई खो खो हसली. "अगो, सगळा कळला हा त्यांका! ढोंगी मेलो!" बाबांनी मान खाली घालून लसणाची पाकळी उचलली. खांदे हसण्याने हलत होते, आणि डोळ्यांना पाणी होतं.

मी त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं.