शीनूचा माग

भूमय्यामामा कुणाच्याही घरी गेले की आधी दारातल्या चपला सरळ करत. स्वतःच्याच नव्हे, तिथे असतील तेवढ्या सगळ्या. डावी-उजवीची जोडी लावायची, टोकं भिंतीकडे करायची, आणि मगच उंबरा ओलांडायचा. माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आले की स्टुलावर टेकायच्या आत माझे सगळे स्क्रूड्रायव्हर उंचीप्रमाणे ओळीत लावून ठेवत, आणि मग दिवसभर मला हवा तो सापडत नसे. मी वैतागलो की ओशाळं हसायचे. "वाकडं दिसलं की हात थांबत न्हाय रे दत्तू. चाळीस वर्षांची खोड हाय हाताला."

ही खोड त्यांना कामाने लावली होती. सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये ते वहिफणीचं काम करत. नवा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, मागावर चढण्याआधी त्यातला एकेक धागा वहीच्या, म्हणजे तारांच्या चौकटीच्या, बारीक डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओढून घ्यावा लागतो. धागे हजारोंनी असतात आणि हातात धागा ओढायचा आकडा एकच. एका डोळ्यात चुकून दोन धागे गेले की कापडावर तिथून शेवटपर्यंत रेघ पडते. मामा घरी तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी, पण कामाची गोष्ट निघाली की त्यांच्या तोंडी आधी तेलुगूच येई. "ओक दारम, ओक कन्नु. एक धागा, एक डोळा. धागा कितीबी चांगला असू दे, दोघांना एका घरात कोंबलं की दोघंबी वाया." गल्लीत दोन जावांचं भांडण लागलं की ते मिटवतानाही हेच सांगत, आणि जावाही ऐकून घेत.

श्रीनिवास हा त्यांचा एकुलता मुलगा. आमचा शीनू. शाळेत तो आणि मी एका बाकावर बसायचो आणि दोघांनी मिळून गल्लीतले चांगले चालणारे रेडिओ बिघडवले होते. पुढे तो इंजिनिअर होऊन शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला, आणि मी इंटरला आपटून साखर पेठेत दुकान टाकलं. मला त्याचा फार अभिमान वाटतो, असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत असे. त्यातलं निम्मं खरं होतं.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात शीनू आला तो एक पत्र्याची पेटी घेऊन. कॉम्प्युटर, म्हणाला. सुटे भाग मागवून त्याने तो स्वतः जोडला होता, आतला सोल्डरचा एकेक टाका त्याच्या हातचा. त्याला पडदा नव्हता. पुढच्या बाजूला लाल दिव्यांची एक ओळ होती, तेवढीच. पेटी उघडली की आत कार्डं उभी खोचलेली दिसत. त्यांतली दोन हुबेहूब सारखी होती, जुळी म्हणावीत अशी. शीनू त्यांना आठवणीची कार्डं म्हणायचा. दोन्हींवर तांदळाच्या दाण्याएवढ्या खटक्यांची एकेक ओळ होती. "हा त्या कार्डाचा घरनंबर," असं काहीसं तो मला सांगत होता, आणि मी सगळं माहीत असल्यासारखी मान डोलवत होतो.

मग त्याने टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली, पेटीचं बटण दाबलं, आणि ते दिवे चालू लागले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. विझायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. मध्येच क्रम बदलायचा, उलटा फिरायचा, पुन्हा सरळ व्हायचा. मामा उकिडवे बसून बघत होते. त्यांचं बोट आपोआप दिव्यांबरोबर सरकायला लागलं.

"अय्यो," ते म्हणाले. "हे तर वहीत धागे भरायलेत की! हे माझं काम हाय."

"तुमचंच आहे, नायना," शीनू म्हणाला. वडिलांना तो नायना म्हणायचा. "लहानपणी शेडमध्ये बसून तुमचा हात बघायचो ना, तोच यात घातलाय."

मामांनी त्या दिवसापासून पेटीचं नाव ठेवलं, शीनूचा माग.

शीनू परत गेला. जाताना मशीन कसं सुरू करायचं ते मला शिकवून गेला. मग दर रविवारी सकाळी मी मामांकडे जाऊन माग चालवून द्यायचा, हा नेम झाला. अक्का, म्हणजे मामांची बायको, दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असायच्या. मामा दिव्यांबरोबर बोट फिरवत "ओकटी, रेंडु, मूडु" असं मोजत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात तशीच राहायची. अमेरिकेत मुलगा काय करतो, असं कुणी विचारलं तर मामा सांगत, "तितंबी वहिफणीच करतोय. हात माझा घेतलाय त्यानं."

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी आली. त्या दिवशी पूर्व भागात एकही माग चालत नाही. सगळे पुसायचे, तेलपाणी करायचं, झेंडू वाहायचा. मग शीनूचा माग कसा मागे राहील? मामांनी पेटी उघडली, कार्डं काढून मऊ ब्रशने त्यांवरची धूळ झाडली, परत जागच्या जागी खोचली, झाकणावर हळदकुंकू लावलं. मी प्रसादाला गेलो तेव्हा पेटी नव्या नवरीसारखी चमकत होती.

त्या रविवारी बटण दाबलं, कॅसेट संपत आली, आणि सगळे दिवे एकदम लागले. लागले ते लागलेच. बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

दोन महिने मी त्या पेटीशी झटलो. सगळी कार्डं बाहेर काढून एकेक परत लावत गेलो, कारण बिघाड शोधायची रीत तीच. आठवणीचं पहिलं कार्ड एकटं लावलं तर शीनूने चाचणीसाठी वेगळ्या कॅसेटवर दिलेला छोटा कार्यक्रम बिनतक्रार चाले. ते काढून दुसरं एकटं लावलं, तरी चाले. दोन्ही लावली की सगळं ठप्प, आणि दिव्यांच्या मोठ्या कार्यक्रमाला दोन्ही लागत. मी कार्डांच्या जागा बदलल्या, स्पिरिटने कडा पुसल्या, फ्यूज बदलले.

"दोघंबी गुणी हायत, आणि एकत्र आले की मरतात?" मामा विचारायचे. "आसं कसं रे?"

मला कळत नव्हतं. पण दुकानात बसणाऱ्याला 'कळत नाही' म्हणणं जड जातं. मी ठणकावून सांगितलं, "टाका कच्चा राहिलाय. शीनूच्या हातचा." एकटं असताना दोन्ही कार्डं नीट चालतात, मग टाका कच्चा कसा असेल, हा साधा प्रश्न मी स्वतःला पडू दिला नाही. वर शीनूला पत्र लिहिलं, आणि त्यात चिमटाही काढला, की अमेरिकेत टाके मारायला शिकवत नाहीत वाटतं. ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

शीनूचं उत्तर वडिलांच्या नावाने आलं. मामांना तेलुगूच वाचता येई, आणि मराठी शाळेत शिकलेल्या शीनूला तेलुगू लिहिता येत नसे, म्हणून त्याची मराठी पत्रं मीच वाचून दाखवायचो. त्याने लिहिलं होतं, "नायना, दत्तू म्हणतो ते खरं असणार. येण्याच्या घाईत काम उरकलं, टाका कच्चा राहिला. तुमचा मुलगा असून असं काम केलं याची लाज वाटते. उन्हाळ्यात येतो आणि माझ्या हाताने नीट करून देतो."

मामांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. "माझा पोरगा कच्चं काम करत न्हाय," एवढंच म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्या दुकानात आले नाहीत.

उन्हाळा यायच्या आत तार आली. तिकडे बर्फावरून शीनूची गाडी घसरली होती. तार इंग्रजीत होती, म्हणून ती वाचून सांगायचं कामही माझ्याचकडे आलं. इथून कुणाला जाता येण्यासारखं नव्हतं. त्याच्या मित्रांनी तिकडेच अग्नी दिला. आई-बापाला मुलाचं तोंडही बघायला मिळालं नाही. अक्का रडल्या, गल्ली रडली. मामा भिंतीला टेकून बसून राहिले आणि तेरा दिवस झाल्यावर डबा घेऊन कामावर गेले.

कामावर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, ते माझ्या दुकानात आले. चपला वेड्यावाकड्या टाकून आत शिरले, म्हणून मी घाबरलोच.

"दत्तू, आज माझ्या हातनं एका डोळ्यात दोन गेले."

"होतं मामा. मन थाऱ्यावर नाही तुमचं."

"चाळीस वर्षांत झालं न्हाय रे. फणीत रेघ दिसली म्हणून मागं जाऊन बघितलं. धागे दोनीबी चांगले होते. कच्चा एकबी नव्हता. मीच दोघांना एक घर दिलं."

मी हातातला रेडिओ खाली ठेवला. घरनंबर! शीनूचा तो शब्द मी मान डोलवत ऐकला होता आणि विसरलो होतो. दुकान तसंच उघडं टाकून मी मामांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. पेटी उघडून दोन्ही कार्डं शेजारी-शेजारी धरली. दोन्हींवरचे खटके सगळेच्या सगळे खाली होते. दोघांचा घरनंबर एकच. मशीनने एकाला हाक मारली की दोघं एकदम ओ देत होते.

"मामा, हे खटके असेच होते?"

तिथे मी तोंड आवरायला हवं होतं. इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न मला परत घेता आला असता तर फार बरं झालं असतं.

"न्हाय की," मामा सहज म्हणाले. "या कार्डाचा एक वर आला होता. बाकीचे सगळे खाली, हा एकटाच वर. वाकडं दिसत होतं. खंडेनवमीला पुसताना मी केला सरळ..."

बोलता बोलता त्यांनी कार्डावरचा हात मागे घेतला.

मी आगकाडीच्या टोकाने तो खटका वर केला, दोन्ही कार्डं खोचली, कॅसेट लावली. पहिला दिवा, दुसरा, तिसरा, चौथा. अक्कांनी सूप खाली ठेवलं. मामांचं बोट हललं नाही.

"टाका पक्का होता?" त्यांनी विचारलं.

"पक्का होता, मामा. सगळे पक्के होते."

"म्हंजे पोरगा माझी चूक आपल्या नावावर घेऊन गेला."

"तसं नाही. टाका कच्चा म्हणून मी लिहिलं होतं त्याला. चूक माझी आहे."

"तू लिहिलंस. त्यानं मानलं. केलं मी." त्यांचा आवाज चढला नव्हता, मला दोष देणारा नव्हता. तसा असता तर मला सोसलं असतं. "जन्मभर लोकांना सांगत आलो, एक धागा एक डोळा. आणि पोराच्या मागावर माझ्याच हातानं..." मग ते लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. तार आल्यापासून पहिल्यांदाच.

रडणं ओसरल्यावर म्हणाले, "पत्र लिही." मी वही घेतली. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, एक अक्षर बदललं नाही. "शीनू, टाका पक्का हाय. खटका मी पाडला. तू लाज वाटून घेऊ नगं. माग चालतोय. तुझा नायना." खाली त्यांनी तेलुगूत सही केली. पाठवू कुठे, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. कागद घडी करून त्यांनी पेटीत, त्या दोन कार्डांच्या खाली सरकवला आणि झाकण लावून घेतलं.

त्यानंतर माग पुन्हा कधी चालवला नाही. खंडेनवमीला मामा पेटीला लांबूनच हात जोडत. तिच्यावरची धूळसुद्धा पुसू देत नसत. दुकानात येत, पण माझे स्क्रूड्रायव्हर पडले असतील तसे पडलेले राहत. मी मुद्दाम एखादा आडवा ठेवून बघायचो. त्यांची नजर तिथे जायची, हात मांडीवरच राहायचा.

चार वर्षांनी मामा गेले. सगळा पूर्व भाग लोटला होता. दारात चपलांचा ढीग झाला होता, एकीवर एक, कुठलीच जोडी जागेवर नाही. मला आत जाववेना. मी खाली बसलो आणि एकेक जोडी लावायला घेतली, डावी-उजवी, टोकं भिंतीकडे. निम्म्या झाल्या असतील, तेवढ्यात अक्का बाहेर आल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे रं दत्तू," त्या म्हणाल्या. "त्यांनीबी सोडलं होतं."

मी उठलो आणि पायातल्या चपला तशाच त्या ढिगावर काढून आत गेलो.